टोप कोणाच्या डोक्यावर, जबाबदारी कोणाच्या?

या पानावर घोड्यांचा विषय पाहून काही वाचकांना नवल वाटेल. यंत्रमाग कामगारांच्या वेतनाचा, विडी कामगार भगिनींच्या मजुरीचा, कांद्याच्या भावाचा प्रश्न सोडून घोड्यावर बसणाऱ्या मुलांनी डोक्याला काय घालावे याची चर्चा कोणी मांडली, तर निवृत्त प्राध्यापकाला दुसरा उद्योग उरला नाही असे कार्यकर्त्यांनी म्हणावे हे स्वाभाविक आहे. मीही काही वर्षांपूर्वी असेच म्हटले असते. माझे मत बदलले ते सोलापूरच्या रस्त्यावर, डोळ्यांदेखत घडलेल्या एका प्रसंगाने. म्हणून प्रथम तो प्रसंग सांगतो.

तीन-चार वर्षांपूर्वीची शिवजयंतीची मिरवणूक. भाड्याने आणलेल्या पांढऱ्या घोड्यावर सहा-सात वर्षांचे एक मूल बालशिवाजीच्या वेशात बसवले होते. अंगात भरजरी अंगरखा, हातात लाकडी तलवार, डोक्यावर पुठ्ठ्याचा आणि जरीचा जिरेटोप. पुढे ध्वनिवर्धकांची भिंत चालली होती. घोड्याचा लगाम धरून दहा-अकरा वर्षांचा दुसरा एक मुलगा चालत होता; तो घोडेवाल्याचा. चौकात कोणीतरी फटाक्यांची माळ पेटवली. घोडा बिथरून मागच्या पायांवर उभा राहिला. वरचे मूल रस्त्याच्या दुभाजकावर डोक्यावर पडले आणि जिरेटोप गर्दीच्या पायांखाली चेंदला गेला. लगाम न सोडल्यामुळे दुसरा मुलगा वीस-पंचवीस पावले फरफटला आणि घोड्याची टाप त्याच्या खांद्यावर बसली.

पहिल्या मुलाला मोटारीत घालून लगोलग इस्पितळात नेले. दुसरा मुलगा खांदा धरून घोड्यामागे चालत गेला. दरम्यान जमावाने घोडेवाल्याला यथेच्छ चोप दिला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात दोन ओळींची बातमी आली, घोडा उधळल्याने एक बालक जखमी. एक बालक! माझ्या डोळ्यांनी मी दोन पाहिली होती.

पहिल्या मुलाच्या कवटीला भेग पडली होती. तो वाचला, तथापि शाळेत आपला वर्ग पुन्हा गाठायला त्याला वर्ष लागले. दुसऱ्याला शोधत मी पुढे शहराबाहेरच्या वस्तीत गेलो. त्याचा खांदा हाडवैद्याने बसवला होता आणि तो नीट वर जात नव्हता. त्याचा बाप मला म्हणाला, "मास्तर, घोडा माझा, लेकरू माझं, आन् मारबी मीच खाल्ला. भाडं तेवढं मंडळानं दिलं न्हाई." या एका वाक्यात आपल्या समाजाची जमाखर्चाची वही उघडी पडते. मिरवणुकीचे वैभव मंडळाचे. जोखीम मात्र दोन मुलांची आणि एका भूमिहीन माणसाची.

आता घोड्यावरून पडणे म्हणजे काय, ते पाहू. आपल्याकडचे मिरवणुकीचे वा सहलीच्या ठिकाणचे घोडे फार उंच नसतात. तरीही त्यावर बसलेल्या मुलाचे डोके जमिनीपासून सुमारे दोन मीटर, म्हणजे साडेसहा फुटांवर असते. तेवढ्या उंचीवरून सरळ खाली पडलेली वस्तू जमिनीला टेकते तेव्हा तिचा वेग ताशी २२ किलोमीटरांच्या आसपास असतो. हे शाळेच्या पुस्तकातले गणित आहे. घोडा उभा असतानाचा हा हिशेब झाला. तो उधळला असेल तर त्याचा वेग यात मिळतो. शिवाय लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने मोठे आणि जड असते, मानेचे स्नायू कोवळे असतात, आणि पडताना हात पुढे टेकून स्वतःला सावरण्याची मोठ्या माणसाची प्रतिक्षिप्त चपळाई त्याच्या ठिकाणी पुरती आलेली नसते. सायकल चालवणारा निदान यंत्रावर बसलेला असतो. घोडा हा स्वतःची भीती आणि स्वतःची मर्जी असलेला प्राणी आहे. अनुभवी घोडेवालासुद्धा त्याच्या बिथरण्याची हमी देऊ शकत नाही.

शिरस्त्राण, म्हणजे रोजच्या भाषेतले हेल्मेट, यात काय करते? त्यात जादू नाही. बाहेर कठीण कवच आणि आत थर्माकोलच्या जातीच्या पदार्थाचा जाड थर असतो. उघडे डोके दगडावर आपटले की ते एका क्षणार्धात, अगदी थोड्या अंतरात थांबते आणि तो सारा आघात कवटी व मेंदू सोसतात. आतला थर चेपला जातो तेव्हा डोक्याला थांबायला थोडे अधिक अंतर आणि थोडा अधिक वेळ मिळतो. त्या दीड-दोन सेंटिमीटरांत जगणे आणि मरणे यांतला फरक असू शकतो. थर एकदा चेपला की ते शिरस्त्राण निकामी होते. ते स्वतः मोडून डोके वाचवते. पुठ्ठ्याचा जिरेटोप मात्र फक्त मोडतो.

हे ज्ञान नवे नाही. ब्रिटिश मेंदू-शल्यचिकित्सक ह्यू केर्न्स यांनी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींवरचा आपला अभ्यास १९४१ साली प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने आपल्या संदेशवाहक स्वारांना शिरस्त्राण सक्तीचे केले. सामान्य नागरिकांसाठी तीच सक्ती तेथे यायला १९७३ साल उजाडले. युद्ध चालवायला लागणारी डोकी तत्काळ मोलाची ठरली, साध्या माणसाच्या डोक्याला बत्तीस वर्षे थांबावे लागले. घोडेस्वारीतही हेच दिसते. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने आपल्या सर्व स्पर्धांतील स्वारांना संरक्षक शिरस्त्राण सक्तीचे केले ते २०२१ च्या आरंभापासून. जगातले सर्वांत निष्णात स्वार, जगातले सर्वांत उत्तम शिकवलेले घोडे, मऊ केलेली मैदाने. आणि तरीही डोके उघडे ठेवायचे नाही. उलट ज्या मुलाने जन्मात घोड्याला हात लावलेला नाही त्याला आपण डांबरी रस्त्यावर, फटाक्यांच्या माळेशेजारी, उघड्या डोक्याने बसवतो आणि त्याला हौस म्हणतो.

आपला कायदा याबाबत काय म्हणतो? मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमानुसार, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, दुचाकीवरील चार वर्षांवरच्या प्रत्येक व्यक्तीला शिरस्त्राण आवश्यक आहे. नऊ महिने ते चार वर्षे या वयाच्या मुलांसाठी शिरस्त्राण आणि चालकाशी जोडणारा सुरक्षापट्टा सक्तीचा करणारा, व दुचाकीचा वेग ताशी ४० किलोमीटरांवर रोखणारा नियम फेब्रुवारी २०२२ मध्ये जाहीर होऊन फेब्रुवारी २०२३ पासून अमलात आला. त्याची अंमलबजावणी कशी होते हे सोलापूरकराला सांगायला नको. पण निदान नियम आहे. घोडा हे मोटार वाहन नसल्यामुळे तेच मूल दुचाकीवरून उतरून घोड्यावर चढले की या कायद्याच्या कक्षेबाहेर जाते.

प्राण्यांच्या बाजूनेही कायदा आहे, आणि तो असलाच पाहिजे. ओझी वाहणाऱ्या प्राण्यांविषयीच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांनुसार तट्टाच्या पाठीवर ७० किलोंपेक्षा अधिक ओझे लादता येत नाही, जनावराला दिवसात नऊ तासांहून अधिक राबवता येत नाही, आणि पारा ३७ अंशांवर गेला असेल तेथे दुपारी बारा ते तीन या वेळेत त्याला कामाला लावता येत नाही. आपल्या जिल्ह्यात उन्हाळ्यात हा नियम किती पाळला जातो हा वेगळा प्रश्न. पण विसंगती लक्षात घ्या. घोड्याच्या पाठीवरचे ओझे किती असावे हे कायद्याने ठरवले आहे. ते ओझे म्हणजे एखादे मूल असेल, तर त्याच्या डोक्याचे काय, हे त्यात कोठेही ठरवलेले नाही.

येथे पहिला आक्षेप आपल्याच साथींकडून येतो. घोडेस्वारी हा श्रीमंतांचा शौक आहे. रेसकोर्सवाल्यांनी आणि क्लबवाल्यांनी आपली डोकी आपल्या पैशाने सांभाळावीत, समाजवाद्यांना त्याचे काय? हा आक्षेप वास्तवाला धरून नाही. क्लबातल्या मुलांची चिंता करण्याचे खरोखरच कारण नाही. त्यांचे प्रशिक्षक त्यांना शिरस्त्राणाशिवाय खोगिरावर बसू देत नाहीत. आपल्या राज्यात घोड्यावर बसणारे बहुसंख्य मूल क्लबातले नाही. ते माथेरानला दस्तुरी नाक्यावरून वर जाणारे, महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी किंवा पाचगणीच्या पठारावर एक फेरी मारणारे, जुहूच्या वाळूत दहा मिनिटे मिरवणारे मूल आहे. गिरणीतून निवृत्त झालेल्या आजोबांनी वर्षातून एकदा केलेल्या सहलीतले ते मूल आहे. वरातीत नवरदेवापुढे बसवलेला भाचा आहे. शिवजयंतीतला बालशिवाजी आणि बालजिजाऊ आहेत. आणि या सगळ्यांच्या पुढे लगाम धरून चालणारे, संध्याकाळी खोगीर उतरवल्यावर उघड्या पाठीवर बसून घोडा पाण्याला नेणारे घोडेवाल्याचे मूल आहे. यांपैकी कोणाचा बाप क्लबाचा सभासद आहे?

दुसरा आक्षेप अधिक जुना आणि अधिक लाडका आहे. आम्ही लहानपणी घोड्यावरून, झाडावरून, बैलगाडीवरून पडलो, आम्हाला काय झाले? हे बोलायला जे जिवंत राहिले तेच हे बोलतात. जे राहिले नाहीत ते सभेला येत नाहीत. या तर्काने देवीची लसही अनावश्यक ठरली असती, कारण लसीवाचून वाचलेले लोकही गावोगाव होतेच. याच आक्षेपाला मराठी मर्दुमकीची फोडणी दिली जाते. मावळ्यांच्या मुलांनी डोक्याला टोपल्या घालून घोड्यावर बसायचे काय, असा प्रश्न एका मंडळाच्या बैठकीत मला विचारला गेला.

याला उत्तर इतिहासच देतो. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाच्या भेटीला जाताना शिवाजी महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत घातले होते आणि पगडीखाली पोलादी टोप घातला होता. इतिहासकारांनी हे नमूद केले आहे आणि शाळेतल्या मुलांनाही ते ठाऊक असते. ज्या पुरुषाच्या धैर्याविषयी शंका घेण्याची कोणाची छाती नाही, त्याने आपले डोके उघडे ठेवले नाही. धोका ओळखून आधी तयारी करणे हाच त्यांच्या धैर्याचा पाया होता. त्यांच्या वेशातल्या मुलाच्या डोक्यावर आपण पुठ्ठा ठेवतो आणि आतला पोलादी टोप विसरतो. आपण शिवाजीमहाराजांचा वेश घेतला, विचार घेतला नाही, असे आपण एरवी नेहमी म्हणतो. येथे ते अक्षरशः खरे आहे. जिरेटोपाच्या आत बसेल असे शिरस्त्राण मुलाला घालणे हीच अधिक इतिहासनिष्ठ शिवजयंती ठरेल.

तिसरा आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो टोलवून लावण्याचा मला अधिकार नाही. असा नियम केला की तो घोडेवाल्याच्या मानेवर बसेल, असे अनेक प्रामाणिक कार्यकर्ते म्हणतात. त्याचा घोडा बहुधा कर्जावर घेतलेला. चारा महाग, हंगाम चार महिन्यांचा. नियम झाला की पोलीस, नगरपालिकेचा निरीक्षक आणि स्थानिक पुढारी असे तीन नवे हात त्याच्यापुढे पसरतील. मुलांची डोकी राहतील तशीच उघडी, घोडेवाल्याचा खिसा तेवढा रिकामा होईल.

या भीतीला आधार आहे. मुंबईतल्या घोड्यांच्या व्हिक्टोरिया गाड्या बेकायदा असल्याचा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने जून २०१५ मध्ये दिला. घोड्यांचे हाल होत होते हे खरेच. गाडीवाल्यांचे आणि तबेल्यातल्या कामगारांचे पुनर्वसन करण्यास न्यायालयाने शासनाला सांगितले. परंतु बंदीची मुदत आणि पुनर्वसनाची गती यांचा मेळ कसा बसतो हे त्या कुटुंबांनी अनुभवले. माथेरानमधल्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून ओढणाऱ्यांना ई-रिक्षा द्याव्यात असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला. माणसाने माणसाला ओढावे ही प्रथा मानवी प्रतिष्ठेला धरून नाही, आणि निधी नाही ही सबब योजना न राबवायला चालणार नाही, असेही न्यायालयाने बजावले. हे दुसरे वाक्य माझ्या दृष्टीने पहिल्याइतकेच महत्त्वाचे आहे. सुधारणा हवी असेल तर तिचा खर्च कोण करणार हे त्याच कागदावर, त्याच शाईने लिहिले पाहिजे.

परंतु या भीतीतून नियमच नको असा निष्कर्ष काढणाऱ्या मित्रांना मी एका जुन्या वादाची आठवण देऊ इच्छितो. सोलापूरची जुनी मिल १८७७ साली उभी राहिली. चार वर्षांनी, १८८१ मध्ये, देशातला पहिला कारखाने कायदा झाला. त्याने सात वर्षांखालील मुलांना कारखान्यात घेण्यास मनाई केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांचे काम दिवसाला नऊ तासांवर आणले. सात वर्षांचे मूल नऊ तास! एवढ्या तोकड्या कायद्यालाही विरोध झाला. उद्योग बुडेल आणि गरीब आईबापांची मिळकत जाईल, हाच युक्तिवाद मुलांच्या संरक्षणाच्या प्रत्येक कायद्याविरुद्ध देशोदेशी झाला आहे. गरिबांचा कैवार घेऊन गरिबांच्याच मुलांच्या संरक्षणाला विरोध करण्याची ही रीत इतकी जुनी आहे. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या हजारो गिरणी कामगारांच्या वतीने जी मागणी मांडली ती संरक्षण कमी करण्याची नव्हती, वाढवण्याची होती. आपली परंपरा लोखंडे यांची आहे. त्या परंपरेने विचारायचा प्रश्न नियम हवा की नको हा नसून, नियमाचा भार कोणी उचलायचा, हा आहे.

या प्रश्नाचे एक चांगले उत्तर, आश्चर्य वाटेल, ब्रिटनच्या एका छोट्या कायद्यात मिळते. चौदा वर्षांखालील मुलांनी सार्वजनिक रस्त्यावर घोड्यावर बसताना शिरस्त्राण घालावे असा कायदा तेथे १९९० साली झाला. त्यात मुलाला दोषी धरलेले नाही. मुलाची जबाबदारी असलेली व्यक्ती, घोड्याचा मालक, त्या वेळी घोडा ज्याच्या ताब्यात आहे तो, आणि मूल जर कामावर असेल तर त्याला कामाला लावणारा मालक, यांपैकी ज्याने मुलाला उघड्या डोक्याने बसवले वा बसू दिले तो दोषी. पगडी बांधणाऱ्या शीख मुलांना त्यात सूट आहे. कायदा रस्त्यापुरताच आहे आणि दंडही क्षुल्लक आहे. पण कामावरच्या मुलाचा विचार त्यात झालेला आहे. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्याने सोळा वर्षांखालील मुलांसाठी असाच कायदा २००९ मध्ये केला, तो घोड्यावरून पडून दगावलेल्या एका बारा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूनंतर. कायदे बहुधा एखाद्या मुलाच्या मृत्यूनंतरच होतात. आपण त्यासाठी थांबायचे काय?

आपल्याकडेही जबाबदारीचे तत्त्व परके नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ११४ व्या कलमात असे स्पष्ट म्हटले होते की, कायद्याने मालकावर टाकलेल्या सोयी-साधनांबद्दल कामगाराकडून कोणतेही शुल्क घेता येणार नाही. सुरक्षा ही कामगाराने विकत घ्यायची वस्तू नाही, हा त्या कलमाचा आत्मा होता. कामगार चळवळीने तो झगडून मिळवला. तोच आत्मा घोड्याच्या पाठीवर न्यायचा आहे. सहलीच्या ठिकाणी "हेल्मेटचे वेगळे पैसे" अशी पाटी लागली, तर ज्याच्या खिशात आहेत त्याचे मूल सुरक्षित आणि बाकीच्यांचे देवाच्या भरवशावर, अशी वाटणी होईल. ती आपल्याला मान्य होता कामा नये.

आता खर्चाचा हिशेब, कारण तो न करता भाषण करणे माझ्या विषयाला शोभणार नाही. समजा, चांगले शिरस्त्राण दोन हजार रुपयांना पडते. ते तीन वर्षे वापरले. घोडा वर्षातले दीडशे दिवस चालला आणि दिवसाला मुलांच्या चार फेऱ्या झाल्या. तीन वर्षांत अठराशे फेऱ्या होतात. म्हणजे फेरीमागे खर्च सव्वा रुपयाच्या आत. किंमत दुप्पट धरली, आणि दोन मापांची दोन शिरस्त्राणे धरली, तरी फेरीमागे पाच रुपये होत नाहीत. माथेरानसारख्या ठिकाणी घोड्याला परवाना आहे, क्रमांक आहे. प्रवेश करणाऱ्या पर्यटकाकडून नगरपालिका कर घेते. जी संस्था पर्यटकाकडून कर घेते आणि घोड्याला क्रमांक देते, तिला त्या क्रमांकाबरोबर शिरस्त्राण देणे अशक्य आहे असे कोणता अर्थशास्त्री म्हणेल? मिरवणुकीत तर प्रश्नच नाही. ध्वनिवर्धकांच्या भिंतीवर एका रात्रीत जो पैसा उडतो त्याच्या तुलनेत ही रक्कम उच्चारण्याच्याही लायकीची नाही. आज हा खर्च होत नाही असेही नाही. तो इस्पितळाच्या बिलात, बुडालेल्या शाळेत आणि वर न जाणाऱ्या खांद्यात होतोच. फक्त तो ज्यांच्या वहीत पडतो ते लोक मंडळाच्या वा नगरपालिकेच्या बैठकीला नसतात.

म्हणून आपल्या मागण्या नेमक्या असाव्यात, असे मला वाटते.

पहिली, घोड्यांना परवाने देणाऱ्या प्रत्येक नगरपालिकेने परवान्यासोबत निदान दोन मापांची शिरस्त्राणे स्वखर्चाने द्यावीत, ती ठरावीक मुदतीने आणि प्रत्येक अपघातानंतर बदलावीत, आणि चौदा वर्षांखालील मुलाला त्यावाचून बसवू नये अशी अट परवान्यात घालावी. अनेक डोक्यांवर एकच शिरस्त्राण जाणार म्हणून आत घालायला धुतलेली कापडी टोपीही द्यावी. उवांची भीती दाखवून ते टाळण्याची सबब मग उरणार नाही.

दुसरी, मिरवणुकीला आणि वरातीला परवानगी देताना पोलिसांनी तीच अट आयोजकांवर घालावी, घोडेवाल्यावर नव्हे. मूल बसलेल्या घोड्याजवळ फटाके आणि ध्वनिवर्धक नकोत, आणि लगाम प्रौढ माणसाच्याच हातात हवा.

तिसरी, घोड्यांच्या व्यवसायातून घेतल्या जाणाऱ्या शुल्काचा एक भाग बाजूला काढून अपघात निधी उभा करावा. त्यातून स्वार मुलाला आणि घोडेवाल्याच्या कुटुंबाला सारखीच मदत मिळावी.

चौथी, दुचाकीच्या शिरस्त्राणाला जून २०२१ पासून भारतीय मानक चिन्हाची सक्ती झाली, तशीच घोडेस्वारीच्या शिरस्त्राणालाही व्हावी. दोन्ही वस्तू एक नव्हेत. दुचाकीचे मोठे शिरस्त्राण मुलाच्या मानेला जड होते, आणि सायकलचे हलके टोपडे डोक्याची मागची बाजू पुरेशी झाकत नाही. बाजारात चिन्हाविना मिळणारा रंगीत प्लास्टिकचा टोप तर पुठ्ठ्याचाच भाऊ.

पाचवी मागणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. हा नियम पैसे देऊन बसणाऱ्या मुलापुरता नसावा. २०१६ च्या बालमजुरी कायद्यातील दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास मनाई केली; पण शाळेच्या वेळेबाहेर कौटुंबिक उद्योगात मदत करण्याची पळवाट ठेवली. घोडेवाल्याचे मूल याच पळवाटेतून भल्या पहाटे तबेल्यात आणि रात्री मिरवणुकीत येते. घोडा हाताळणे हे मुलासाठी धोक्याचे काम आहे असे स्पष्ट ठरवून ही वाट बंद केली पाहिजे, आणि त्या मुलाच्या मदतीवाचून बापाचा धंदा चालेल इतके त्याचे दर व त्याची सुरक्षितता वाढवली पाहिजे. तोवर घोड्याच्या आसपास वावरणाऱ्या त्या मुलाच्या डोक्यावरही शिरस्त्राण हवे. पर्यटकाच्या मुलाला टोप आणि त्याचा घोडा ओढणाऱ्या मुलाला उघडे डोके, असा नियम झाला तर मी स्वतः त्याच्याविरुद्ध लिहीन.

कार्यकर्त्यांना शेवटी एवढेच सांगायचे आहे. कायदा होईल तेव्हा होईल. गावोगावच्या उत्सव मंडळांत आपली मुले आहेत, आपले मित्र आहेत. काही ठिकाणी तर आपणच पदाधिकारी आहोत. येत्या १९ फेब्रुवारीच्या आधीच्या बैठकीत हा विषय मांडायला शासनाच्या परवानगीची गरज नाही. बालशिवाजीला रथात बसवा, खांद्यावर घ्या, किंवा घोड्यावर बसवायचेच असेल तर जिरेटोपाखाली शिरस्त्राण घाला. घोडेवाल्याशी भाडे ठरवताना लगामाला त्याने स्वतः यावे, मुलाला आणू नये, असे सांगा आणि त्यासाठी चार पैसे अधिक द्या. मंडळातला कोणी हसेल. त्याला प्रतापगडच्या पायथ्याची गोष्ट सांगा.

तो घोडेवाल्याचा मुलगा आता चौदा-पंधरा वर्षांचा असेल. मध्यंतरी एका वरातीत मला तो दिसला. एका हाताने लगाम धरला होता. वर नवरदेव, नवरदेवापुढे चार वर्षांचे एक पोर, त्याच्या डोक्याला जरीचा फेटा. मला ओळखून तो हसला आणि फटाके लागण्याआधी घोडा पुढे काढण्यासाठी लगबगीने वळला. धोका कोठून येतो हे त्या वरातीत त्या एकट्यालाच ठाऊक होते.